माळावर कापडाची घरं

आमच्या यांना पाठीचा काहीही त्रास नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण गल्लीत गेली कित्येक वर्षं त्यांच्या पाठीची चौकशी होते आहे आणि आमच्या कपाटात इतकी मलमं साठली आहेत की एखादं दुकान थाटता येईल. त्रास आहे तो डोळ्यांचा. काचबिंदू. हे सिटी बसवर ड्रायव्हर होते. एकदा वळणावर बाजूने येणारी सायकल त्यांना दिसलीच नाही. सायकलवाल्याला खरचटलंसुद्धा नाही, पण हे त्याच संध्याकाळी डेपोत किल्ल्या देऊन घरी आले आणि मला म्हणाले, "कुणी विचारलं तर पाठ म्हणून सांग." मी पाठ म्हणून सांगितलं.

त्यानंतर नजर दोन्ही बाजूंनी आत आत येत गेली, पडदे ओढत आणावेत तशी, आणि शेवटी मिटली. आता खिडकीकडे तोंड केलं तर उजेड आहे एवढं कळतं. म्हणजे पाठीचं नाटक आवरून खरं सांगून टाकायला काही हरकत नव्हती. पण यांचा स्वभाव आड येतो. बसमध्ये म्हातारं माणूस चढलं की आरशातून बघून कुणाला तरी उठवायचे, जागा दिल्याशिवाय गाडी हलवायचे नाहीत. स्वतःला कुणी जागा करून दिलेली मात्र खपत नाही. कुणी 'सांभाळून हां' म्हटलं तरी यांचे कान लाल होतात.

घरात यांचं काही अडत नाही. बाजारात माझ्या कोपराला धरून चालतात आणि मी उगाच हसत बोलत राहते, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं की या वयातही काय प्रेम आहे. प्रेम आहेच, पण बाजारात हातात हात घालून मिरवण्याइतकी मी हौशी नाही.

एकटे जातात ते फक्त माळावर. आमची गल्ली संपते तिथे एक फाटक आहे. तोवर डाव्या हाताला सलग भिंत लागते, तिच्यावरून बोटं फिरवत गेलं की झालं. फाटकापलीकडे राखीव माळ. राखीव म्हणजे सरकारदरबारी तसं लिहिलेलं, इथे घर बांधायचं नाही, रस्ता काढायचा नाही, गवत वाढेल तसं वाढू द्यायचं. एका अंगाला चढ, दुसऱ्या अंगाला उतार आणि मधून पायवाट. चढ उजव्या पायाला लागत राहिला की आपण बरोबर, असं यांचं गणित. टोकाला दगडी बांध आहे. तिथे हात टेकवायचा, वळायचं आणि चढ डाव्या पायाला घेऊन परत. वाटेत धडकण्यासारखं काही नाही. कुणाचं बोट नाही, कुणाचा कोपर नाही. परत येतात तेव्हा चेहऱ्यावर मोकळा रस्ता मिळालेल्या ड्रायव्हरचं समाधान असतं. त्या चेहऱ्यासाठी मी काय वाटेल ते केलं असतं.

तर एका सकाळी त्या फाटकावर कागद लागला. एका बांधकाम कंपनीने माळाच्या मधल्या सपाट भागावर घरं बांधायची परवानगी मागितली होती. ज्यांना हरकत घ्यायची आहे त्यांनी ठरलेल्या मुदतीत लेखी घ्यावी, त्यानंतर अधिकारी जागा पाहायला येतील. मी तो कागद शेवटपर्यंत वाचला. घरी येऊन यांना सांगितलं. हे खिडकीकडे तोंड करून बसले. मग म्हणाले, "मधला भाग म्हणजे वाटेवरच."

पहिली बैठक आमच्याकडे झाली. मी पडदे शिवते. वरच्या मजल्यावर माझी कामाची खोली आहे, तिथे कापड पसरायचं लांबलचक टेबल आहे, गल्लीत एवढं मोठं टेबल दुसऱ्या कुणाकडे नाही. भूगोलाचे सर आले. ते निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण अजूनही खडू हातात असल्यासारखे बोलतात. दातांच्या डॉक्टरीणबाई आल्या, आपल्या वासराएवढ्या कुत्र्याला खाली बांधून. घड्याळवाले आले आणि नेहमीप्रमाणे सगळ्यात उशिरा आले. आणखीही शेजारी होते. सरांनी नियम वाचून दाखवले. माझ्या खिडकीतून दिसणारा देखावा जाईल, माझी गैरसोय होईल, असली वैयक्तिक कारणं चालत नाहीत. सगळ्यांच्या हिताचं बोलायचं.

मग सगळे सगळ्यांच्या हिताचं बोलू लागले. कुणी पक्षी काढले, कुणी पावसाचं पाणी मुरणं काढलं, कुणी अरुंद रस्ता काढला. मी चहा ओतत होते आणि जिभेच्या टोकावर आलेलं गिळत होते. कारण आदल्या रात्री हे मला बजावून बसले होते.

"माझ्या डोळ्यांचं नाव काढायचं नाही."

"अहो, पण तेच तर खरं कारण आहे."

"असू दे. त्यांना कळलं की मी माळावर पाऊल ठेवणार नाही. मग माळ राहिला काय नि गेला काय. पुढे दहा माणसं आणि मागे दहा माणसं घेऊन फिरायचं असेल तर घरातच बसतो की."

मी चिडले, भांडी आपटली, पण वचन दिलं. माझ्या हरकतीत मी गवताबद्दल लिहिलं. गवताबद्दल मला काडीची माहिती नाही.

त्याच आठवड्यात माझी भाची आली, माझ्या भावाची मुलगी. भाऊ गेल्यापासून ती माझीच. ती, तिचा नवरा आणि दोन जुळ्या मुली एका गॅरेजच्या माडीवर भाड्याने राहतात. एकच खोली. खाली इंजिन सुरू झालं की वर कपबश्या थरथरतात. मुलींच्या कपड्यांना कायम तेलाचा वास. परवडणाऱ्या घरांच्या सरकारी यादीत नाव नोंदवून तिला किती काळ झाला ते आता तीच सांगत नाही.

ती यांच्याशेजारी बसली, चहाचा कप यांच्यासमोर ठेवला आणि मला म्हणाली, "आत्या, तुझ्या त्या बैठकीत मी येणार नाही. त्या घरांतलं एक यादीतून मला मिळू शकतं. मी त्यांच्या बाजूने लिहून दिलंय."

"माळ बुडवून?"

"तुम्ही सगळे घरं असलेली माणसं आहात, आत्या. तुम्हाला माळ पाहिजे. मला दार पाहिजे, आतून लावून घेता येईल असं."

माझ्याकडे तोडीस तोड उत्तर होतं, यांच्या डोळ्यांचं, आणि तेच द्यायचं नव्हतं. त्यामुळे मी दुसरंच, देऊ नये ते उत्तर दिलं. म्हटलं, "एवढं वाढवलं तुला ते यासाठी का." ती उठली. यांच्या खांद्याला हलकेच हात लावून, "येते काका" म्हणाली आणि गेली. हे मला म्हणाले, "तिचं काय चुकलं?" तिचं काहीच चुकलं नव्हतं, म्हणून तर मला झोंबलं होतं.

अधिकारी येण्याची तारीख लागली तशी सरांना कल्पना सुचली. नकाशावर चौकोन काढलेला दिसतो एवढासा, प्रत्यक्षात घर किती जागा खातं हे कुणाला कळत नाही. तेव्हा माळावर खांब रोवायचे, त्यांना कापडाच्या पट्ट्या ताणून बांधायच्या आणि घरांचे आकार जागच्या जागी उभे करायचे. पायवाटेवर जे घर येणार त्याला वाटेच्या बाजूने दाराएवढी फट ठेवायची, म्हणजे अधिकाऱ्यांना आत नेऊन उभं करता येईल आणि म्हणता येईल, पाहा, आता तुम्ही स्वयंपाकघरात उभे आहात. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. पट्ट्या कोण देणार हा प्रश्नच नव्हता. सगळे माझ्याकडे बघत होते.

मी अस्तराचं उरलेलं पांढरं कापड काढलं. आता खरं तर नुसतं फाडून गाठी मारल्या असत्या तरी चाललं असतं. पण माझ्या हातून कच्चं काम होत नाही, हा माझा जुना रोग आहे. मी पट्ट्यांना दोन्ही कडांनी दुमड घातली, दुहेरी शिलाई मारली, टोकांना खांब शिरेल असे नेफे शिवले. घड्याळवाल्यांनी खांब रोवून त्या चढवल्या तेव्हा सतारीच्या तारेसारख्या ताणून बसल्या. छातीच्या उंचीवर. सर म्हणाले, वा. मला बरं वाटलं.

आम्ही डोळसपणे विचार केला तो एवढाच. सगळं काही बघणाऱ्यासाठी होतं. यांचा विचार माझ्या मनात आला नाही असं नाही. हे सकाळचा चहा झाला की जातात, परत येऊन अंघोळ करतात. पट्ट्या त्यानंतर बांधायच्या आणि अधिकारी गेले की सोडायच्या असा हिशेब मी मनातल्या मनात केला होता. कुणाला सांगायची तर सोयच नव्हती. यांनाही पट्ट्यांचं सांगितलं नाही, उगाच जिवाला घोर नको म्हणून.

अधिकारी मॅडम आल्या. मला वाटलं होतं गाडीतून उतरून नाकाला रुमाल लावणारी कुणी असेल. या बाई जाड तळाचे बूट घालून आल्या होत्या आणि पायवाटेने आमच्या पुढे चालत होत्या. फाटकापाशी घरं हवी असणारे लोकही जमले होते. त्यांत भाची होती, दोन्ही मुलींना दोन हातांना धरून. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. मीही पाहिलं नाही, म्हणजे ती बघत नाही हे दिसण्यापुरतंच पाहिलं.

सर मॅडमना चढावर उभं करून पट्ट्यांचे चौकोन दाखवत होते. तेवढ्यात मला फाटकातून हे येताना दिसले.

नंतर म्हणाले, घरात बसवेना. पुढे फिरायला मिळेल न मिळेल, आज एक फेरी जास्त मारावी असं वाटलं. भिंतीला धरून फाटकापाशी आले आणि तिथली कुजबुज ऐकून, लोक आहेत तर ताठ चालावं म्हणून आणखी ताठ निघाले. पायवाट पायाखाली होती. ती नेमकी त्या फटीतून आत गेली, हेही तिच्यामागून आत गेले आणि समोरच्या पट्टीवर छाती आदळली.

हे थांबले. हाताने पट्टी चाचपली. मग मागे वळले. पण मधे कुठेतरी पाऊल वाटेवरून सरकलं असणार, कारण परत आले ते फटीत नाही, शेजारच्या पट्टीवर आले. तिला धरून कोपऱ्यापर्यंत गेले. कोपऱ्यात वळले, पुढच्या कोपऱ्यापर्यंत गेले. चढ कुठल्या पायाला आहे ते बघावं, तर तो सगळा भाग सपाट, म्हणूनच तर कंपनीने निवडलेला. फटीच्या कडेच्या खांबापाशी हात पोचला की हाही कोपराच समजून हे आत वळायचे. आयुष्यभर शहराच्या गल्लीबोळांतून बस काढणारा माणूस माझ्या हातच्या कापडात गोल गोल फिरत होता.

"हे गृहस्थ मोजमाप घेताहेत का?" मॅडमनी विचारलं.

माझे पाय निघाले होते. आणि तिथल्या तिथे थांबले. जाऊन हात धरला तर सगळ्यांसमोर वचन मोडलं. नाही धरला तर हे तिथे तसेच. पट्ट्यांवर मी इतकी घट्ट शिलाई का मारली, एखादी तरी उसवू दे, असं मी मनात म्हणत होते.

मग भाची चालू लागली. पळाली नाही, घाईही केली नाही. मुलींना घेऊन ती त्या फटीत जाऊन उभी राहिली, आत गेलीच नाही, आणि रोज बोलतो तशा आवाजात बोलू लागली. "काका, मी आलेय इकडे. पोरी पण आहेत. यांनी आज काय केलं माहितीये का? एकीने दुसरीचे बूट घातले आणि दुसरीने एकीचे. चौघांना उशीर. मी म्हटलं, काकांकडे तक्रार करते तुमची." बोलत राहिली, थांबली नाही. मुली खिदळत राहिल्या. हे आवाजाकडे वळले, सरळ चालत आले आणि त्या फटीतून बाहेर पडले. तिने हातसुद्धा पुढे केला नाही. बघणाऱ्याला वाटलं असतं, म्हातारा भाचीशी बोलायला गेला.

मला तेव्हा लख्ख आठवलं. ही घरी आली की कप ठेवताना बशी टेबलावर जराशी वाजवते, दर वेळी यांच्या उजव्या हाताशी. खोलीतून जाताना खांद्याला हात लावून जाते. किती वर्षं. तिला माहीत होतं. तिने कधी विचारलं नाही, कधी सांगितलं नाही आणि मी तिला 'यासाठी वाढवलं का' म्हणाले होते.

तिथून हे सरळ फाटकाकडे जाऊ शकले असते. अब्रू झाकलेली होती. पण हे थांबले, आमचे आवाज येत होते त्या दिशेला तोंड केलं आणि म्हणाले, "अधिकारी मॅडम आहेत ना तिथे? मला दिसत नाही."

मॅडम चढावरून दोन पावलं खाली आल्या.

"बरीच वर्षं झाली. या माळावर मी एकटा फिरतो. दुसरीकडे कुठे फिरू शकत नाही. आत्ता काय झालं ते तुम्ही पाहिलंत. एक कापड आडवं आलं तर ही गत, भिंती आल्या तर मी घरी बसणार, एवढंच सांगायचं होतं." मग म्हणाले, "आणि कापड माझ्या बायकोचं आहे. अशी शिलाई दुसरं कुणी मारत नाही."

त्या अवस्थेतही लोक हसले. मी रडत होते आणि मलाही हसू आलं.

मॅडमनी वहीवर टेकवलेलं पेन उचललं. "हे वैयक्तिक कारणात येतं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "मला हे अहवालात घेता येणार नाही. माफ करा."

"घेऊ नका," हे म्हणाले. "मला बोलायचं होतं ते बोललो."

मॅडम पुढे गेल्यावर मी शेजाऱ्यांकडे वळले, आता सगळ्यांना तोंड द्यायचं म्हणून. कुणाच्याच चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. सर स्वतःच्या बुटांकडे बघत होते. घड्याळवाले म्हणाले, "वहिनी, आम्हाला कल्पना होती."

"कधीपासून?"

"झाली बरीच वर्षं. वाटेवर घुशींनी बिळं केली की मी माती भरतो. आजही त्यांची सकाळची फेरी झालेली पाहूनच पट्ट्या बांधल्या." मग सरांकडे बोट दाखवून म्हणाले, "वादळ झालं की फांद्या हे उचलतात. आणि यांचा कुत्रा," म्हणजे डॉक्टरीणबाईंचा, "एवढं धूड आहे, पण तुमचे साहेब दिसले की खाली बसतं. शिकवलंय त्याला तसं."

मला रागच आला. "मग ती मलमं?"

डॉक्टरीणबाई ओशाळल्या. "तुम्ही पाठ म्हणालात. म्हणून आम्हीही पाठच म्हणत राहिलो."

इतकी वर्षं मला वाटत होतं की यांचं गुपित मी एकटी पेलते आहे. माझ्या माघारी अख्खी गल्ली त्याला खांदा देत होती. राग जिथल्या तिथे विरला आणि त्या लोकांबद्दल इतकं काही दाटून आलं की मी तोंड फिरवलं. मी पट्ट्या सोडायला लागले. भाची मदतीला आली. मी म्हटलं, "मी त्या दिवशी जे बोलले..."

"राहू दे गं आत्या," ती म्हणाली. आणि पट्टी गुंडाळता गुंडाळता म्हणाली, "पण मला घर अजूनही पाहिजे. ते मी मागे घेणार नाही."

निकाल लागला तेव्हा सर अहवाल घेऊन धावत आले. परवानगी नाकारली. कारणं दिली होती पाणी मुरण्याची, रस्त्याची, राखीव जागेच्या नियमांची. मी अहवाल दोनदा वाचला. यांच्याबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं. माझ्या गवताचा मात्र उल्लेख होता, तो कसा हे मला आजतागायत कळलेलं नाही. गल्लीत एकच आनंद झाला. मी सगळ्यांना पेढे द्यायच्या ऐवजी सरळ मिठ्या मारल्या. सर तर घाबरलेच.

पण घरी आल्यावर मला भाचीचं दार आठवलं, आतून लावता येईल असं. तिचं घर आमच्या हरकतीने गेलं होतं. मी वर जाऊन टेबलापाशी बसले. मागून हे जिना चढून आले आणि दारातच उभे राहून म्हणाले, "एवढी मोठी खोली पडद्यांना कशाला लागते गं?"

"मीही तेच म्हणत होते," मी म्हटलं.

भाचीने आधी साफ नकार दिला. उपकार नकोत म्हणाली. हे म्हणाले, "उपकार कसले? मला घरात आवाज लागतात. तुझ्या आत्याचा एकच आवाज ऐकून मी कंटाळलोय." मी तोंड वाकडं केलं, ते त्यांना दिसलं नाही आणि ती हसली. टेबल खाली बैठकीत आलं, मशीन खिडकीशी आलं, पाहुण्यांना बसायला जागा उरली नाही. वरच्या दाराला आतून कडी बसवली. पहिल्याच दिवशी मुलींचे बूट जिन्यात राहिले आणि हे घसरता घसरता वाचले. मुलींना ओरडायला मी पुढे झाले तर हेच म्हणाले, "कुणाचे बूट कुणी घातले होते आज?"

सगळं छान झालं, एक सोडून. हे माळावर जाईनात.

सकाळचा चहा व्हायचा, हे दाराशी जाऊन यायचे. कधी हवा बरी नाही, कधी मुलींना गोष्ट सांगायची आहे. मी काही विचारलं नाही. मला कारण ठाऊक होतं. आता सगळ्यांना माहीत आहे हे यांनाही माहीत झालं होतं. आता कुणीतरी धावत येणार, कोपर धरणार, सांभाळून हां म्हणणार. माळ वाचला होता आणि यांचा माळ गेला होता. गल्लीत जाऊन लोकांना सांगावं, जवळ जाऊ नका म्हणून, असं कितीदा मनात आलं. पण तेही एक सांभाळणंच झालं असतं. मी गप्प बसले, जे मला आयुष्यात फारसं जमलेलं नाही.

मग एका सकाळी भाची वर मुलींची वेणी घालत होती आणि मी तिला रिबिनी द्यायला गेले होते. खाली दार वाजलं. आम्ही खिडकीशी गेलो. वरच्या खिडकीतून फाटक आणि माळ सगळा दिसतो. हे भिंतीवरून बोटं फिरवत निघाले होते.

"मी जाऊ का मागे?" भाची म्हणाली. मी तिचा हात धरला.

फाटकापलीकडे डॉक्टरीणबाई कुत्र्याला घेऊन उभ्या होत्या. थोडं पुढे सर, काठीने गवत ढोसत. बांधाजवळ घड्याळवाले. त्या वेळी नेहमी असतात तसे सगळे होते. हे फाटकातून आत शिरले आणि मी डोळे मिटून घेणार होते, पण मिटले नाहीत.

डॉक्टरीणबाई वाटेवरून दोन पावलं गवतात सरल्या. कुत्रा खाली बसला. त्यांनी हाक मारली नाही की पुढे झाल्या नाहीत. हे त्यांच्या अगदी जवळून गेले. मग सर थांबले, काठी हवेत तशीच धरून. हे त्यांच्याही समोरून गेले. मधल्या सपाट भागात यांचं पाऊल जरा अडखळलं, आणि तिघेही हलले, मला इथून दिसलं, तिघांचीही अंगं पुढे झुकली. पण जागा कुणी सोडली नाही. हे थांबले, पायाने वाट शोधली आणि चढ पुन्हा उजव्या पायाला लागेपर्यंत चालत गेले. बांधाला हात टेकवला, वळले. घड्याळवाले तिथे पुतळ्यासारखे उभे होते. हे परत निघाले आणि त्या सगळ्यांसमोरून फाटकापर्यंत एकटे आले.

लोकांनी मला आयुष्यात खूप काही दिलं आहे, आणि मी वेळोवेळी आभार मानले आहेत. पण त्या सकाळी त्या माणसांनी काहीच केलं नाही, आणि तेवढं मोठं देणं आजवर मला कुणी दिलेलं नाही. शेजारी भाची नाक ओढत होती. एका मुलीची वेणी अर्धीच राहिली होती.

मी खाली गेले. हे आत आले, बूट काढले. चेहरा मोकळा होता, पहिल्यासारखा. यांचे कान असे आहेत की गल्लीच्या टोकाला कुणी खाकरलं तर नाव सांगतात. कुत्र्याचा वास तर मलासुद्धा लांबून येतो.

"आज माळावर कुणीच नव्हतं," हे म्हणाले.

मी म्हटलं, "नसेल," आणि चहा ठेवला.